अकरा गुरुवारांची वही

"ठेव ती डबी खाली. ठेव म्हणते न्हवं!"

मी खाली ठेवायच्या आतच शालन वन्संनी डबी माझ्या हातातून हिसकावली आणि उकिरड्यावर भिरकावली. बाराव्या गुरुवारची शिट होती तिच्यात. सहा पिंजऱ्यांखालून, सहा वेगवेगळ्या चमच्यांनी गोळा केलेली.

"अहो वन्सं, काय हे! वाकून वाकून कंबर मोडली माझी."

"मोडू दे. कुणी सांगितलं हुतं वाकायला? माझ्या शेडात काय किडं पडल्यात व्हय गं? काल सोसायटीच्या दारात चार माणसांत मला इचारत्यात, 'आक्का, तुमच्या कोंबड्यांच्या शिटंत म्हणं औषधानं न मरणारं जंतू निघाल्यात.' कुणी सांगितलं त्यास्नी?"

"मी नाही बोलले कुणाला."

"मग कोंबड्या बोलल्या?"

मला हसू फुटलं आणि तिथंच घात झाला. वन्संनी दारामागचा खराटा उचलला. मारलं नसतं त्यांनी, पण त्या दिवशी मला तशी खात्री देता आली नसती.

"चल, हो भाईर. पुन्यांदा गुरवारी दारात दिसलीस तर बघ!"

खोटं कशाला सांगू, बोलले होते मी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बाया आपापल्या सुनांचं, साड्यांचं, बंगल्याचं सांगत होत्या. माझ्याकडे सांगायला एवढंच होतं. तेव्हा मला कुठे ठाऊक, की हळदीकुंकवात सांगितलेली गोष्ट तिळगुळाच्याही आधी घरोघर पोचते.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. शालन वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची, सर्जेरावांची, थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पण बाई खमकी. सासरच्या माळावर एकटीच्या हिमतीवर शेड उभं केलं आणि दीड हजार अंड्याच्या कोंबड्या पाळल्या. त्यांना त्या "माझ्या बाया" म्हणायच्या. मला म्हणायच्या "रत्नी". माझं नाव रत्नप्रभा आहे, हे त्या घरात फक्त रेशन कार्डाला माहीत होतं.

मी तालुक्याच्या कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. म्हणजे सरळ भाषेत, काचेची भांडी धुणारी बाई. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा पेपर होता त्या दिवशी मी मांडवात अक्षता झेलत उभी होते. पुढे शिक्षण राहिलं ते राहिलंच. पण नऊ वर्षं भांडी धुताधुता मी सगळं बघत होते. पोरं चुकायची तेव्हा माझी जीभ वळवळायची.

त्या वर्षी आमच्या कोरबू सरांनी एका विद्यार्थ्याला कोंबडीच्या विष्ठेतल्या जंतूंवर प्रकल्प दिला. पोरगा पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून शेडात गेला, बाहेर येऊन ओकला आणि विषय बदलून घेतला. औषधाच्या चकत्यांची पाकिटं तशीच फ्रीजमध्ये पडून राहिली. मी सरांना म्हटलं, "सर, मी करू का?"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "करा. पण वही नीट ठेवा, रत्नाबाई. जे दिसलं तेच लिहा. जे दिसावंसं वाटतं ते लिहू नका."

काम तसं सोपं. काचेच्या बशीत जंतूंच्या खाण्याची खळ ओतायची. ती थिजली की तिच्यावर शिटेतून वेगळा काढलेला जंतू सारवायचा आणि वर आठ वेगवेगळ्या औषधांच्या आठ इवल्या चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बघायचं. औषध लागू पडलं असलं तर चकतीभोवती जंतू मरून मोकळं गोल अंगण दिसतं. ते पट्टीने मोजायचं. जंतू हट्टी असला तर तो चकतीला खेटून उभा असतो. चकती स्वतःच सहा मिलिमीटरची, म्हणून वहीत सहा लिहिलं की समजायचं, औषध हरलं.

वन्संच्या शेडातल्या जंतूपुढे पहिल्याच गुरुवारी आठांतली सात औषधं हरली.

मला वाटलं, चकत्या शिळ्या असतील. म्हणून दुसऱ्या खेपेपासून शेजारी एक साधा जंतू लावायला लागले. हा प्रयोगशाळेत पाळलेला, गरीब स्वभावाचा. त्याच्याभोवती आठही अंगणं लख्ख आली. म्हणजे चकत्या चांगल्या होत्या. वन्संच्या शेडातलाच जंतू वस्ताद होता. फक्त अमिकासिन नावाच्या एका औषधापुढे तो माघार घ्यायचा. तिथे एकोणीस. बाकी सगळीकडे सहा, सहा, सात, सहा. असं अकरा गुरुवार.

नवव्या गुरुवारी मी धीर करून बोलले होते.

"वन्सं, तुम्ही दर पंधरा दिवसांनी टाकीत ती पावडर कालवता ना, ती थांबवा. कोंबड्या आजारी नसताना कशाला औषध?"

"रोग यायच्या आदीच त्येला दारात आडवायचा आस्तोय."

"पण त्यानं जंतूच पक्के होतात. औषध सारखं थोडंथोडं चाखून त्यांना सवय होते."

"आता तू मला कोंबड्या शिकीवणार? शिट धुणारी बया!"

झालं. त्यानंतर तीन गुरुवारांनी खराटा. मीही रागात होते. एसटीत बसून मनात शंभर उत्तरं दिली आणि ठरवलं, मरू दे तिकडे, आपण का जीव काढायचा. हे वाक्य मी मनातल्या मनात बोलले होते. पण पुढच्याच आठवड्यात ते मला फार जड गेलं.

रविवारी सकाळी वन्संच्या शेजारणीचा फोन आला. आक्का तीन दिवस तापाने फणफणल्यात, हुडहुडी भरतीय, कमरेत कळा येतायत आणि कुणाला कळवू देत नाहीत. हे जीप घेऊन गेले आणि त्यांना उचलूनच डॉक्टर मगदूमांच्या दवाखान्यात आणलं. बारा खाटांचा दवाखाना, पण डॉक्टर माणूस तरुण आणि काळजीवाला. त्यांनी लघवी आणि रक्त तपासणीला सांगलीला पाठवलं आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं.

"लघवीच्या मार्गातला जंतू रक्तात चढलाय," ते म्हणाले. "कुठल्या औषधाला मरतो, याचा रिपोर्ट बुधवारी येईल. तोवर अंदाजाने चालवावं लागतं."

मला ह्यांनी लुगडी आणायला वन्संच्या घरी पाठवलं. ट्रंक उघडून दोन लुगडी घेतली, फणी घेतली. फणी स्वयंपाकघरात फळीवर होती. हळदीचा डबा, हिंगाची डबी आणि त्यांच्या शेजारी कोंबडीचं चित्र असलेला पावडरीचा डबा. झाकण अर्धवट, आत चहाचा चमचा. शेडात उंदरं झाली असतील म्हणून घरात आणला असेल, असं वाटलं. मी निघाले.

सोमवारी सकाळी अकराला वन्संचा रंग उडालेला होता. ओठ कोरडे, डोळे मिटलेले. हे खाटेच्या पायथ्याशी बहिणीचं पाऊल धरून बसले होते. इतका दांडगा माणूस, पण चेहरा पार उतरलेला. डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा दोनदा बांधला आणि आम्हाला बाजूला घेतलं.

"इंजेक्शनचा काही उपयोग दिसत नाही. रक्तदाब उतरतोय. लघवी कमी झालीय."

"मिरजंला नेऊ का?" ह्यांनी विचारलं.

"तिथे यापेक्षा वरचं औषध मिळेल. पण या अवस्थेत दीड तासाचा रस्ता मला धोक्याचा वाटतो. आधी इथेच औषध बदलून बघतो. सिप्रोफ्लोक्सासिन सुरू करू."

"नको!"

एवढ्या मोठ्याने त्या दवाखान्यात कुणी "नको" म्हटलं नसेल. नर्सच्या हातातला ट्रे हलला. हे माझ्याकडे बघतच राहिले.

"का नको?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्याला सहा येतं."

"काय येतं?"

"सहा. म्हणजे ते लागू पडत नाही. वन्संच्या शेडातल्या जंतूला मी अकरा वेळा लावून बघितलंय. आणि तुम्ही जे रविवारपासून देताय, त्यालाही सहाच येतं."

डॉक्टर एकदम चिडले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण कपाळाला आठी पडलीच. "बाई, कोंबडीच्या विष्ठेतला जंतू वेगळा, यांच्या अंगातला वेगळा. ते औषध कोंबड्यांना पाजलं असेल. यांना कुणी पाजलंय?"

आणि त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ती फळी आली. हळद, हिंग, पावडर. चहाचा चमचा!

मी खाटेजवळ गेले. "वन्सं, पावडरीचा डबा हिंगाशेजारी कशाला ठेवलाय?"

डोळे मिटलेलेच. "उंदरं... शेडात."

"त्यात चहाचा चमचा आहे. उंदरं चहाच्या चमच्यानं खातात?"

वन्संनी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"वन्सं, माझ्यावर रागवा, खराटा मारा, काय वाट्टेल ते करा. पण खरं सांगा. तुम्ही ती पावडर खाता?"

वन्संनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग बारीक आवाजात बोलल्या. त्या बाईचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"ज्या दिशी बायांच्या टाकीत घालती, त्याच दिशी मी बी घेती. चिमूटभर. ताकातनं. त्यास्नी गुण येतोय, मला न्हाई येणार व्हय? दोन वर्सं झाली. एकदा बी ताप आला न्हवता."

"आक्का!" हे कळवळून ओरडले.

"वरडू नगंस, सर्जा. डोकं ठणकतंय."

डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं होतं. "त्या पावडरीत काय असतं?"

मी नाव सांगितलं. ते नाव मी अकराही गुरुवारी पानाच्या माथ्यावर लिहिलं होतं.

"म्हणजे मी जे द्यायला निघालो होतो, त्याचंच सख्खं भावंड." ते खुर्चीत बसले. "तुमची वही कुठेय?"

"कॉलेजात."

"आणा."

कॉलेज हाकेच्या अंतरावर. मी पदर खोचला आणि भर रस्त्यातून पळत सुटले. भाजीवाल्या बाया हाका मारायला लागल्या, "काय झालं वो रत्नाताई?" मी थांबले नाही. प्रयोगशाळेचं कपाट उघडलं आणि शंभर पानी वही काढली. कव्हरवर खळ सांडून डाग पडलेला होता. ती छातीशी धरून परत आले तेव्हा मला धड श्वासही घेता येत नव्हता.

डॉक्टरांनी वही टेबलावर पसरली. एकेक पान उलटत गेले. मी समोर उभी, तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखी.

"चकत्या खराब नव्हत्या कशावरून?"

"दुसऱ्या गुरुवारपासून दरवेळी शेजारी साधा जंतू लावलाय. उजवीकडचा रकाना बघा. तिथं सगळी अंगणं आलीत."

"हे दोन-दोन आकडे का?"

"एकदा सकाळी मोजलं, एकदा दुपारी. दोन्ही जुळले तरच तिसऱ्या रकान्यात लिहिलं."

"हे सगळं कोरबू सरांनी केलं?"

"मी केलं."

"तुमचं शिक्षण?"

"बी.एस्सी. दुसरं वर्ष. परीक्षेला बसले नाही. लग्न होतं."

त्यांनी फोन उचलला. कोरबू सर वर्गावर होते, शिपाई बोलवायला गेला. मला फक्त वन्संचा श्वास ऐकू येत होता. मग पलीकडून सरांचा आवाज आला. तो तसाच मोठा, मलाही स्पष्ट ऐकू आला.

"रत्नाबाईंच्या आकड्यांवर विश्वास ठेवू का म्हणता? डॉक्टर, माझ्या आकड्यांवर ठेवता त्याहून जास्त ठेवा. मी कधीतरी घाईत असतो. ती बाई कधीच नसते."

मला तिथेच रडू आलं असतं. पण वेळ नव्हता.

डॉक्टरांनी फोन ठेवला. "ऐका दोघेही. दोन्ही जंतू एकच असतील, असं ही वही सिद्ध करत नाही. पण ज्या बाईचे हात रोज त्याच शेडात असतात, जी तीच पावडर दोन वर्षं खातेय, तिच्या अंगातला जंतूही तसाच असण्याची शक्यता खूप आहे. अमिकासिन माझ्याकडे आहे. अडचण अशी, की ते मूत्रपिंडाला जड जातं. यांचं मूत्रपिंड आधीच थकलंय. अंदाज बरोबर निघाला तर बाई वाचेल. चुकला तर आहे तेही मी बिघडवून बसेन. सही लागेल."

ह्यांनी कागद घेतला. पेन घेतलं. माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं ते मला नीट कळलं. बहीण होती ती त्यांची. आई गेल्यावर तिनेच वाढवलं होतं त्यांना. तिचा जीव आता माझ्या वहीवर टाकायचा होता, आणि त्या वहीला ते घरात "शिटाचं पुराण" म्हणायचे.

"रत्ना, नक्की ना?"

नक्की कसं म्हणू? मला माहीत होतं ते एवढंच, की मी जे दिसलं तेच लिहिलं होतं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "रत्ने."

"काय वन्सं?"

"माझ्याच शेडातलं मोजलं हुतंस न्हवं? दुसऱ्याचं मिसळलं न्हवतंस?"

"तुमच्याच शेडातलं. सहा पिंजरे, सहा चमचे. दर गुरुवारी."

वन्संनी हात पुढे केला. "आण तो कागूद. माजा जीव, सही बी माजीच." झोपल्याझोपल्या त्यांनी वाकडंतिकडं "शालन" लिहिलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "टोचा. आमच्या रत्नीचं त्वांड वाईट हाय, पर मोजाय लागली म्हंजी बया सुतभर हलत न्हाई."

एक वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन गेलं.

त्यानंतरचे तास कसे गेले ते सांगत नाही. देवाला मी काय काय कबूल केलं तेही सांगत नाही, त्यातलं बरंच अजून फेडायचंय. "मरू दे तिकडे" म्हटलेलं ते मनातलं वाक्य सारखं वर येत होतं. मी वन्संच्या उशाशी बसून त्यांचे केस विंचरत राहिले. त्याच फणीने.

मंगळवारी सकाळी सातला नर्सने थर्मामीटर काढलं, खिडकीपाशी नेऊन बघितलं, झटकलं आणि पुन्हा लावलं. मी उठून तिच्यामागे गेले.

"काय झालं हो?"

"काही नाही. मला खरं वाटेना. नव्व्याण्णव आहे."

रक्तदाब वर आला होता. लघवी सुटली होती. डॉक्टर धावतच आले, पट्टा बांधला, सोडला आणि माझ्याकडे बघून हसले. इतक्यात वन्संनी एक डोळा उघडला.

"सर्जा, बायांस्नी पाणी दिलंस का?"

"दिलं, आक्का."

"आंडी गोळा केलीस?"

"केली."

"किती फोडलीस?"

हे वाकून खाटेखाली चप्पल शोधायला लागले. आणि मी तीन दिवसांत पहिल्यांदा इतकी हसले, इतकी हसले की हसताहसता रडायलाच लागले. वन्सं म्हणाल्या, "आता हिला काय झालं? हिला बी टोचा एक."

बुधवारी दुपारी सांगलीहून रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो मला वाचायला दिला नाही. समोरची खुर्ची दाखवली. त्या दवाखान्यात त्या खुर्चीवर मी पहिल्यांदाच बसले.

"वही उघडा," ते म्हणाले. "मी औषधाचं नाव वाचतो, तुम्ही तुमचा आकडा सांगा."

त्यांनी पहिलं नाव वाचलं.

"सहा," मी म्हटलं.

"इथे लिहिलंय, लागू नाही." दुसरं नाव.

"सहा."

"लागू नाही."

"सात."

"लागू नाही."

अशी सात नावं झाली. सातही जुळली.

"अमिकासिन?"

"एकोणीस."

डॉक्टर मगदूम खुर्चीतून उठून उभे राहिले. "लागू," ते म्हणाले. "हे एकच लागू. रत्नाबाई, हा कागद येईपर्यंत मी थांबलो असतो तर आज तुमच्या घरी वेगळा दिवस असता."

दारात हे उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. घरी गेल्यावर माझी वही स्वतःच्या हाताने देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. मी म्हटलं, "अहो, शिटाची वही आहे ती, देवापाशी काय ठेवता?" तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आजच्या दिवस ऱ्हाऊ दे."

वन्सं बाराव्या दिवशी घरी गेल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी प्रयोगशाळेत बशा घासत होते. दारात सावली पडली. बघते तर वन्सं. अंग निम्मं झालेलं, लुगडं सैल बसलेलं, पण मान ताठ. हातात फडक्यात बांधलेल्या सहा डब्या.

"बारावा गुरवार ऱ्हायला हुता न्हवं?" त्यांनी डब्या माझ्या पुढ्यात ठेवल्या. "सहा पिंजरं, सहा चमचं. मोज."

त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. थांबतील तर त्या वन्सं कसल्या! सोसायटीच्या ज्या दारात त्यांना लाज वाटली होती, तिथेच सगळ्या पोल्ट्रीवाल्यांना गोळा केलं आणि उभं राहून सांगितलं, "व्हय, माझ्याच शेडात निघालं जंतू. आन् पावडर मीच खाल्ली, माझ्याच हातानं. तुमच्यातलं कोण कोण खातंय, हात वर करा." आधी कुणी हलेना. मग एका म्हातारीने हात वर केला. मग दुसरीने. मोजले तेव्हा नऊ हात होते.

त्या दिवसापासून वन्संच्या शेडात जनावरांच्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय औषधाचा थेंब गेला नाही. पिंजऱ्याखालची शिट महिनोन् महिने झाकून पूर्ण कुजल्याशिवाय कुणाच्या रानात गेली नाही. शेडाच्या दारात दोरीला साबण टांगला. आत जाताना-येताना हात धुवायचे, मग तो सरपंच का असेना. लोक हसायचे. कोंबड्यांची ती खेप विकली गेली, शेड धुतलं, चुना मारला, महिनाभर रिकामं ठेवलं आणि नव्या बाया आल्या. गुरुवारच्या डब्या मात्र एकदाही चुकल्या नाहीत.

पहिले सहा महिने वहीत सहाच यायचं. दर खेपेला वन्सं विचारायच्या, "किती?" मी सांगायचे. त्या मान हलवायच्या आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा यायच्या. मला वाटायचं, आता कंटाळतील. नाही कंटाळल्या.

दीड वर्षानंतरचा एक गुरुवार. आधल्या दिवशीच्या बशा मी उबेच्या पेटीतून काढल्या, उजेडात धरल्या आणि माझा हात थबकला. तेवढ्यात वन्सं आल्याच. मी बशी त्यांच्या हातात दिली, पट्टी दिली आणि पावडरीच्या भावंडाची, सिप्रोफ्लोक्सासिनची चकती बोटाने दाखवली.

"आज तुम्ही मोजा."

"मला येतंय व्हय?"

"अंडी मोजता ना? तसंच. या कडेपासून त्या कडेपर्यंत."

वन्संनी चष्मा पुसला, पट्टी लावली. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. पलीकडे वर्गाचं प्रात्यक्षिक चालू होतं, पोरं माना वळवून बघत होती. कोरबू सरही हातातलं काम सोडून दारात येऊन उभे राहिले.

"आगं..." वन्संचा आवाज फाटला. "आगं, बावीस हाय की गं हे!"

दहा बशांतल्या सातांमध्ये तसंच होतं. सगळा जंतू गरीब झाला नव्हता, पण वस्तादांचं राज्य मोडलं होतं. वन्सं एकेक बशी मोजत गेल्या. एकवीस, बावीस, तेवीस. दर आकड्याला आवाज चढत गेला. शेवटी तर पोरांनी टाळ्याच वाजवल्या.

मी मात्र नुसती उभी होते. पेन हातात, वही उघडी, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे रकाना दिसेना.

वन्संनी बशी हळूच टेबलावर ठेवली. लुगड्याच्या पदराने माझे डोळे पुसले, जरा जोरातच. मग वहीवर बोट ठेवलं.

"बघत काय बसलीस? सकाळी मोजलं, दुपारी पुन्हा मोजू, दोन्ही जुळलं तरच तिसऱ्या रकान्यात. तवर पहिल्या रकान्यात बावीस लिव्ह," त्या म्हणाल्या. "लिव्ह, रत्नप्रभा."